चालून राह्यली का?

मालकांच्या गाडीचा किलोमीटरचा काटा मी जालन्याला येण्याआधीच एका आकड्यावर बसला होता. "अच्छाच है," मिस्त्री चाचा म्हणायचे, "उमर नई बढती." ते दर खेपेला एक जुना पार्ट काढून त्याहून जुना बसवायचे आणि म्हणायचे, "अब बराबर." महिन्याभरात गाडी पुन्हा त्यांच्याच दारात. खर्च ऐकला की मालक गाडीकडं न बघता माझ्याकडं बघायचे, जणू तो पार्ट मीच चावून खाल्ला.

मी कोकणातला. सातवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, गाडी शिकलो आणि इतक्या लांब येऊन पडलो. या लोकांनी मला ओसरीवर जागा दिली, रोज गरम भाकरी दिली. पण ते सगळं त्या गाडीवर टांगलेलं. ती खोकली की मी मनातल्या मनात वळकटी बांधायला घ्यायचो.

इथल्या बोलीची तर धास्तीच होती. पहिल्या दिवशी मी ताटावर बसलेलो असताना मालकीणबाईंनी आतून विचारलं, "जेवून राह्यला का?" आमच्याकडं राहिला म्हणजे थांबला. मला वाटलं, जेवून नुसता बसून राहिलास का, असं विचारतायत. "नाय, नाय!" म्हणत अर्धी भाकरी टाकून उठलो आणि गाडी पुसायला लागलो.

पुढं एकदा मिस्त्रीकडून परतताना मालकांनी सांगून टाकलं, "आता एक डाव जरी बंद पडली तर भंगारात. मंग कोकण्या, तू बी आपल्या गावाला."

त्यानंतरची पहिलीच खेप केदारखेड्याची, मालकीणबाईंना माहेराहून आणायची. गाडी गेली एकदम गुमान. परत निघताना बाईंना निरोप द्यायला आयाबाया फाट्यापर्यंत आल्या आणि त्यांचं बोलणं काही संपेना. मी गाडी कडुलिंबाखाली उभी करून थांबलो. तेवढ्यात जालन्याकडं जाणारी एस.टी. आली. खिडकीतून मालकांचा पुतण्या ओरडला, "काय रे, गाडी चालून राह्यली का?"

चालता चालता राहिली का म्हणे! अपशकुनी मेला. "नाय!" मी छाती काढून ओरडलो. एस.टी. निघून गेली, आयाबायांचं बोलणं मात्र आणखी दोन तास चाललं.

आम्ही जालन्याच्या निम्म्या वाटेवर आलो, तर समोरून भंगारवाल्याचा ट्रक. त्यात भंगारवाला, मिस्त्री चाचा, हा एवढा दोरखंड आणि मालक. मी ब्रेक दाबला, पण इंजिन बंद केलं नाही. ते पुन्हा सुरू होईल याची खात्री चाचांनाही नव्हती. भंगारवाला उतरून, कलिंगड निवडावं तसा, बॉनेटवर टिचक्या मारत फिरू लागला.

"खरं सांग, पुतण्या तर म्हनला बंद पडली," मालक गरजले, "गाडी चालून राह्यली का न्हाई?"

"नाय, मालक! आईशपथ नाय! एकदापण राहिली नाय!"

"घ्या, हाच म्हनून राह्यला न्हाई," भंगारवाला खूश झाला.

"अन् मंग इथवर कशी आणली? लोटत?"

"चालवत, मालक!"

मागच्या सीटवर मालकीणबाईंना हसू आवरेना. "अवो, आपली चालून राह्यली म्हंजे चालू हाय, याच्या मुलखात राह्यली म्हंजे थांबली! अगं बाई, म्हनून त्या दिशी ताटावरून उठला होय रे? अन् मला वाटलं, माझी भाकर ग्वाड लागली न्हाई!"

चाचांनी इंजिनाला कान लावला. "बराबर है," म्हणाले. पहिल्यांदाच फुकटात.

भंगारवाला तोंड पाडून दोरखंड गुंडाळू लागला. मालक माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "काय कोकण्या, आमच्याकडं राहून राह्यला का?"

या खेपेला मी घाई केली नाही. प्रश्न मनात नीट घोळवला.

"राहून राह्यलो," मी म्हणालो.

गिअर टाकताना गाडी खोकली, तेव्हा मालक मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.