गाडीच्या चुकीची फाइल

हसा, माझी हरकत नाही. फक्त घोट गिळून मग हसा, कारण हा किस्सा ऐकताना मागे एकाच्या नाकातून चहा आला होता.

तर न्यू जर्सीत आयसेलिनच्या एका किराणा दुकानाच्या पार्किंगमधून आम्ही निघालो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको मनीषा आणि आमची नवी, स्वतः चालणारी गाडी. मनीषा फोनमध्ये, मी स्टिअरिंगसमोर. वळणावर गाडी फुटपाथवर चढली आणि एका मिठाईवाल्याच्या उभ्या व्हॅनला जाऊन धडकली. कुणाला लागलं नाही. पण इन्शुरन्सवाले म्हणाले, चूक तुमची. आता मला सांगा, गाडी चालवणार गाडी आणि चूक माझी कशी?

वकील गाठायचं ठरवलं. ऑफिसात फोन केला तर नीना नावाची असिस्टंट बोलली. फाडफाड अमेरिकन इंग्लिश.

"गाडी कोण चालवत होतं?"

"गाडी."

"म्हणजे तुम्ही ड्रायव्हर सीटवर नव्हता?"

"होतो ना."

"मग तुम्ही चालवत होता."

"नाही, मी नुसता बसलो होतो."

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "गुरुवारी या. काय घडलं ते क्रमानं लिहून आणा आणि फोटो, व्हिडिओ असेल ते सगळं आणा."

मी पडलो सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. पिस्कॅटवेच्या आमच्या डायनिंग टेबलवर मी आठवडाभर फाइल करत बसलो. व्हॅनचे फोटो, रस्त्याचा नकाशा, सेकंदासेकंदाचा तक्ता. जितकं लिहावं तितका गोंधळ वाढायचा. 'मी वळलो' लिहायचं की 'गाडी वळली'? 'आम्ही वळलो' लिहिलं तर मनीषा पण अडकते.

त्यात मित्र संदीपचा फोन. "यार, तिथे कुणाला सॉरी म्हणाला नाहीस ना? सॉरी म्हणजे गुन्हा कबूल."

मी मनीषाला विचारलं, "मी सॉरी म्हणालो होतो का गं?"

"मिठाईवाल्या काकांना चारदा म्हणालास. मग व्हॅनला हात लावून एकदा."

रात्रभर झोप नाही. व्हॅनला म्हटलेलं सॉरी धरतात का, हे कुणाला विचारणार?

तरी एक हुकमाचं पान होतं. आमच्या गाडीच्या पुढच्या काचेला छोटा कॅमेरा चिकटवलेला आहे. त्यात गाडी फुटपाथकडे जाताना स्वच्छ दिसते. ती क्लिप मी दहा वेळा पाहिली होती. पण कशावर, तर ऑफिसच्या लॅपटॉपवर, ज्याचा आवाज मी मीटिंगच्या भीतीनं कायम बंद ठेवतो. कॅमेरा आवाजही टिपतो, हे डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी मी आणि मनीषा वकीलबाईंसमोर बसलो. पांढऱ्या केसांच्या, शांत बाई. शेजारी नीना, काळेभोर केस, मोठे डोळे. इटालियन असणार, मी मनात म्हटलं. आपल्या जर्सीत इटालियन काही कमी नाहीत.

मी थाटात पेनड्राइव्ह दिला. नीनानं क्लिप मोठ्या स्क्रीनवर लावली. स्पीकर दणदणीत.

आधी माझाच आवाज आला, गाडीशी बोलणारा. "अगं, किती हळू. सरक, मी घेतो."

मग 'टुंग'. मग धडाम. मग मनीषाचा आवाज, "काय झालं?" आणि लगेच माझा, "गाडीनं केलं."

शपथेवर सांगतो, मला यातलं काही आठवत नव्हतं. आठवडाभर मी मनापासून गाडीवर रागावलो होतो.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तो टुंग आवाज सेल्फ-ड्रायव्हिंग बंद झाल्याचा आहे. स्टिअरिंग कुणी ओढलं की वाजतो. त्याआधी तुम्ही तुमच्या भाषेत काय बोललात?"

आता तुम्ही असता तर खरं सांगितलं असतं. माझ्या तोंडून काय निघावं?

"प्रार्थना," मी म्हणालो. "आमच्यात वळणावर म्हणतात."

मनीषा छताकडे बघायला लागली. वकीलबाई ते लिहून घेणार, तेवढ्यात नीना पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलली.

"काका, माझी आजी पण रोज प्रार्थना करते. बट शी नेव्हर सेज, 'सरक, मी घेतो.'"

मराठी. स्वच्छ, घरातलं मराठी. मला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं.

नीनानं इंग्लिशमध्ये अर्थ सांगितल्यावर वकीलबाईंनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "माझ्याशी खोटं बोललात तर मला काही करता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि खरं ते असेल, तर करण्यासारखं काही नाहीच. इन्शुरन्सला खरं कळवा." त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तिथेच बसून मी इन्शुरन्सला फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं. नीनानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

खाली पार्किंगमध्ये आलो. मी सवयीनं पुढचं दार उघडलं.

मनीषानं माझ्या हातातून किल्ली घेतली. "मी समोर बसते. चालवेल गाडी. तू मागे बस."

"शेजारी बसतो ना."

"तिथूनही तुझा हात पोचतो."

मी फाइल मांडीवर घेऊन मुकाट्यानं मागे बसलो. गाडीनं आम्हाला अगदी व्यवस्थित घरी आणलं. माझा उजवा पाय मात्र सबंध वाटभर पुढच्या सीटखाली ब्रेक शोधत होता.