तारेखालचा दोरा

मुलीच्या दहावीच्या वर्षी, तिने रियाज सोडून अभ्यासाला बसावे म्हणून, मी तिच्या तंबोऱ्याच्या तारांखालचे सुती दोरे गुपचूप सरकवत असे. हे मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते. तार बद्द वाजे. “बाबा, माझा कानच बिघडलाय,” ती रडवेली होऊन म्हणे आणि मी तिच्यापुढे पुस्तक ठेवी.

काल तिने तसाच एक दोरा केसभर सरकवला आणि तार एकाएकी गुंजू लागली. एवढ्याशा सुतात एवढा नाद कुठे दडून बसतो? मुलांचा स्वतःवरचा विश्वासही असाच एखाद्या धाग्यावर तोललेला असतो का?

“बघताय काय, बाबा? हात लावू नका हं, बिघडवाल!”

“तेव्हा मीच दोरे सरकवत होतो, मनू. तुझा कान चांगलाच होता. माझं चुकलं.”