टाळूवरची बोटं

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि जिच्याविषयी लिहितोय तिला अक्षरओळखही नव्हती. चुकलं तर माफ करा.

खाला, म्हणजे मावशी, असंच सारं गाव तिला म्हणायचं; ती रेणापूरजवळच्या आमच्या गावची सुईण. कुणीही भेटो, अगदी मिशीवाला बाप्या असला तरी, ती आधी त्याच्या टाळूवर बोटं टेकवायची. गावातल्या बहुतेक टाळूंवर लहानपणी तिनंच तेल भरलेलं. "अजून मऊच हाय रे तुझी," असं मला म्हणायची. तिच्या बोटांना शेळीच्या दुधाचा वास यायचा आणि मला भरदुपारी उगाच झोप आल्यासारखं व्हायचं.

माझ्या वेळी आई तिच्याकडे पोट पाडायचं औषध मागायला गेली होती. पदरात आधीच चार लेकरं होती. खालानं दिलं नाही. बाळंत होईपर्यंत आई तिच्याशी बोलली नाही. पण मी जन्मल्यावर दोन वर्षं रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावर दुधाचा तांब्या असायचा. "न्हाई म्या म्हणलं, मग दूध कुणी द्यावं?" खाला म्हणायची. आईचं तेव्हा चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही. कॉलेजात या विषयावर वाद रंगले की मी गप्पच बसतो.

पुढं खालाच्या एकुलत्या मुलाला त्याच्याच दोस्तानं, दत्तानं, टेम्पोवरून झालेल्या भांडणात जिवे मारलं. दत्ताला फाशी व्हावी असा अर्ज गावानं माझ्याकडून लिहून घेतला. मी मन लावून लिहिला. पहिला अंगठा खालाचा हवा, म्हणून शाईची डबी घेऊन तिच्याकडे गेलो.

मी वाचत होतो, ती डोळे मिटून ऐकत होती.

"लई छान लिवलास बेटा. तुझ्या आईला न्हाई म्हणले, तवा तुझं तोंड तरी पाह्यलं होतं का म्या? दत्त्याचं तर पाह्यलंय. टाळू भरलीय त्याची."

"खाला, तुझं पोर मारलंय त्यानं!"

"मला सांगतोस?" तिचा आवाज फाटला. "रोज सपनात त्याचं नरडं धरते मी. म्हणून तर अंगठा देत न्हाई."

मग तिनं माझ्या टाळूवर बोटं टेकवली. या वेळी "अजून मऊच हाय" म्हणाली नाही.

अर्ज गेला, तिची जागा कोरीच राहिली. दत्ताला जन्मठेप झाली. त्याला पकडल्यावर काही महिन्यांनीच त्याच्या बायकोला मुलगी झाली होती, आणि त्यांच्या उंबऱ्यावर तांब्या दिसू लागला होता.

परवा लातूरला वसतिगृहात आईचा फोन आला. "खाला गेली रे."

मी विचारलं, "मग दत्ताच्या पोरीचं दूध?"

"मीच नेऊन देते आता," आई म्हणाली. "तिची शेळी आपल्या दारात बांधलीय."