सरवरीने थांबवलेला डोस

१९४६ चा वैशाख. शेवगावच्या एका लहानशा दवाखान्यात सरवरी एकटीच नर्स होती. पस्तिशीची, विधवा, काम नगरला शिकलेली. दुसरी नर्स लग्न होऊन गेली, तिची जागा भरलीच नाही. दोघींचं काम एकटी ओढता ओढता सरवरीचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे.

त्या दिवशी डॉक्टर पटकीची लस टोचायला खेड्यांत गेले होते. जाताना कडूबाईच्या कागदावर लिहून गेले : डिजिटॅलिस, दहा थेंब, तीनदा. कडूबाई घोडेगावकडची म्हातारी. हृदय थकलेलं, धाप लागलेली. पहाटेच बैलगाडीतून आणलेली.

दुपारी थेंब मोजून सरवरी खाटेशी आली. आधी मनगट धरलं. पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. चव्वेचाळीस. पुन्हा मोजले, तेवढेच.

“पोरी, तुजं लुगडं पिवळं हाय व्हय?” कडूबाईने विचारलं.

लुगडं पांढरंफेक होतं. हे औषध अंगात जास्त झालं की नाडी मंदावते, सगळं पिवळं दिसतं, हे सरवरीला ठाऊक होतं.

“घरी काही पाजलं होतं का?” तिने कडूबाईच्या मुलाला, गोरक्षनाथला विचारलं.

तो चाचरला. “नगरहून बाटली आनलीवती. येका टायमाला बाटलीवरच्या पट्टीची येक खून द्यायची हुती. आमी तीन-तीन दिल्या. लवकर गुन येईल म्हनून.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी इचारलंच न्हाई.”

“मग आता हे देता येणार नाही. त्या बाटलीतही हेच औषध असणार.”

“आईचा जीव चाललाय, आन तुमी दवा दडवताय?” तो ओरडला. वॉर्डातली माणसं वळून बघू लागली.

भांडायचं त्राण सरवरीत नव्हतं. थेंब तिने मोरीत ओतून टाकले. मग दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून कागदावर आकडा लिहीत राहिली. मधेच कुणाची उलटी, कुणाची पट्टी.

संध्याकाळी डॉक्टर धुळीने माखून आले. “माझा हुकूम तुम्ही मोडलात?”

तिने आकड्यांचा कागद पुढे केला, घरच्या बाटलीचं सांगितलं. त्यांनी स्वतः नाडी पाहिली, बराच वेळ. मग आपलं लिहिलेलं खोडलं आणि हात धुवायला गेले.

चौथ्या दिवशी नाडी बासष्टवर आली. अकराव्या दिवशी कडूबाई घरी गेली. शनिदेव पावला म्हणून गोरक्षनाथने शिंगणापूरला नारळ फोडला. सरवरीशी तो बोललाच नाही.

दोन वर्षांनी कडूबाई घरीच वारली. तिच्या गावच्या एका बाईने हे सांगितलं तेव्हा सरवरीला तिचा चेहरा चटकन आठवेना. खाटा तेव्हाही भरलेल्याच होत्या.