हिरव्या किरणाचा पहारा

कंपनीनं मला पहिल्यांदा अमेरिकेला पाठवलं तेव्हा बरोबरच्यांनी बॅगा भरभरून चॉकलेटं आणली. मी बाबांसाठी हिरवा लेसर आणला. पेनाएवढा. बटण दाबलं की अंधारात सरळ हिरवी रेघ उमटायची आणि ती थेट ताऱ्याला जाऊन टेकल्यासारखी वाटायची.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद, लोकांना आकाश दाखवायचा. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून पत्रिका आणि मुहूर्त हद्दपार झाले होते. बाबा म्हणायचे, "ग्रह आपलं काही वाकडं करत नाहीत हे एकदा कळलं की ते निवांत बघता येतात." लेसर येण्याआधी ते बोटानं दाखवायचे. "तो बघा, टाकीच्या वर. अहो, ती टाकी नाही, पलीकडची." वीस माणसं वीस वेगवेगळे तारे बघून खूश होऊन घरी जायची.

लेसर हातात आल्यावर मला वाटलं, लहान मुलासारखे लगेच गच्चीवर पळतील. छे! त्यांनी आधी आठ दिवस वाचन केलं. मग ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात नियम लिहून डबीच्या झाकणाला चिकटवले. माणूस, जनावर, वाहन यांच्या दिशेनं कधीही नाही. कुणाच्या हातात द्यायचा नाही. दोन सेकंदांच्या वर बटण नाही. काम झालं की सेल बाहेर. आणि सगळ्यांत वर, तांबड्या शाईनं: विमान. जमिनीवर ठिपक्याएवढा दिसणारा हा किरण विमानापर्यंत पोचताना पसरतो, पुढच्या काचेवर पडला की अख्खी काच उजळते, आणि नेमकं उतरताना वैमानिकाला काही सेकंद दिसेनासं होतं, हे ते प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगायचे. लोक कंटाळायचे. मीही कंटाळायचे.

विमानांवर नजर ठेवायचं काम आईचं. ताऱ्यांत तिला काडीचा रस नव्हता. "मला सगळे सारखेच दिसतात," म्हणायची. पण प्लास्टिकची खुर्ची घेऊन ती सगळ्यांकडं पाठ करून बसायची. बाबा विचारायचे, "मोकळं?" आई मान वळवून चारही बाजू बघायची, अगदी सावकाश, तांदूळ निवडल्यासारखी. मग म्हणायची, "मोकळं." तेव्हा कुठं हिरवी रेघ निघायची.

आम्ही वाघोलीत राहायचो. तिथं इमारती वाढल्या तशी डोक्यावरची विमानंही वाढली, आणि विमानतळाच्या परिसरात आकाशात लेसर सोडायला पोलिसांनी बंदी घातली. बाबांनी ते कात्रण त्याच डबीत ठेवलं आणि गच्चीवरचा लेसर त्याच दिवशी बंद केला. शेजारच्यांनी समजावलं, कोण बघतंय. बाबा म्हणाले, "मी बघतोय ना." मग लोणी काळभोरला एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतातल्या घराची गच्ची मिळाली. तिथं हा हुकूम लागू आहे का, ते विचारायला ते आपणहून पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "हितं तसलं काय न्हाई आजोबा, पर इमान बगून काय ते करा." मला हसू आवरेना. चौकीत जाऊन अशी शंका विचारणारा माणूस पुण्याच्या हद्दीत दुसरा नसेल.

नंतर आई गेली. तिच्या खुर्चीवर मी बसू लागले. बाबांनी मला बस म्हणून सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला ते विचारूही शकले नसते.

माझी अडचण अशी की संध्याकाळी आठला अमेरिकेतल्या क्लायंटची सकाळ व्हायची. त्या शनिवारी तर रविवारी नवीन सिस्टिम सुरू व्हायची होती आणि फोन सारखा वाजत होता. त्या संध्याकाळी आधी दोनदा बाबांनी "मोकळं?" विचारलं तेव्हा मी फोनवर हात ठेवून खेकसले होते, "हो म्हटलं ना!" तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी मान वर केलीच नाही. नुसतं म्हटलं, "मोकळं."

पूर्वेला धुरकट होतं. गुरू उगवायची वेळ झाली होती, आणि तो जिथं दिसायला हवा होता साधारण तिथंच एक तेजस्वी, स्थिर ठिपका होता. "हा आला गुरू," बाबा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. विमान सरळ आपल्याकडं तोंड करून येत असलं की त्याचा दिवा हलत नाही; मोठ्या ग्रहासारखा एका जागी दिसतो. सेकंदाभरात त्या गुरूच्या शेजारी तांबडा दिवा लुकलुकला. बाबांनी अंगठा उचलला. विमान सावकाश वळून विमानतळाकडं गेलं. काही झालं नाही. पण बाबांना सेल बाहेर काढता येईना. तो मी काढला. लोकांना ते म्हणाले, "माझे डोळे गेले. आता हे थांबवलं पाहिजे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. घरी येताना गाडीत नाही, रविवारी नाही. भित्री होते म्हणून.

सोमवारी ते चौकीत निघाले. मी रजा टाकून बरोबर गेले. तोच हवालदार होता. बाबांनी घडी न पडलेला अर्ज पुढं ठेवला. "कुणाची तक्रार हाय का?" त्यानं विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. "न्हाई? मंग कशापायी लिवून देताय?"

"तक्रार नसली तरी चूक आहे," बाबा म्हणाले. "वाचा आणि आवकचा शिक्का द्या."

त्यानं मोठ्यानं वाचलं. सहाय्यकाने आकाश मोकळे असल्याची खात्री करून तसे सांगितले होते. तथापि माझ्या दृष्टिदोषामुळे विमानाच्या दिशेने किरण गेला. यापुढे मी हा कार्यक्रम करणार नाही.

"ते खरं नाही," मी म्हटलं. "खात्री केली नव्हती. मी बघितलंच नव्हतं."

हवालदारानं कागद खाली ठेवला.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "आईला उत्तर द्यायला वेळ लागायचा. तुझं लगेच आलं."

"मग बटण का दाबलंत? आणि हे असं का लिहिलंत?"

"पोलिसांच्या कागदावर तुझी चूक नको म्हणून." चष्मा काढून ते शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "आणि परत विचारलं असतं, तर तू चिडली असतीस."

मी त्यांची एकुलती एक मुलगी. वैमानिकाच्या डोळ्यांसाठी आठ दिवस वाचन करणारा माणूस माझ्या चिडण्याला इतका भ्यायला होता की त्यानं आयुष्यभराची सवय सोडून बटण दाबलं. चौकीतल्या बाकावर मी रडले. हवालदार शिक्का शोधायच्या निमित्तानं आत गेला.

बाबांनी पेन काढलं. खात्रीचं वाक्य खोडलं, समासात सही केली. शेवटच्या वाक्यावर, कार्यक्रम न करण्याच्या, पेन थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यातलं 'यापुढे' खोडून त्यांनी वर लिहिलं: डोळे तपासून घेईपर्यंत.

"दहा वेळा विचारा मला," मी म्हटलं. "मी चिडले तरी विचारा."

"दहा कशाला?" बाबा म्हणाले. "दोनदा पुरे. तेवढ्यात विमान दिसतं."