फेस्टीनं बुजवलेलं खिंडार

कवी ज्या खाटेवर झोपायचा ती खाट माझ्या घरात आहे. ज्या कपातून तो चहा प्यायचा तो कप केव्हाच फुटला, पण तसाच दुसरा मी फडताळात ठेवलाय आणि कुणी विचारलं तर हाच तो म्हणून दाखवते. उन्हाळ्यात बोटी भरभरून माणसं येतात, वाकून माझ्या घरात शिरतात, खाटेला हळूच हात लावतात, देवळात बोलावं तसं बोलतात. मग चहा संपायच्या आत खिडकीशी जाऊन विचारतात, “आणि ते खिंडार कुठं आहे?”

तिथं माझं डोकं फिरतं. तो डब्लिनहून आला तो आख्खा उन्हाळा आमच्याकडे राहिला. त्याचे मोजे मी धुतले. त्याला बांगड्याचे काटे काढता यायचे नाहीत, ते मी काढून दिले. मी तेव्हा सतरा-अठराची होते आणि दिसायला काही वाईट नव्हते. आणि आज सगळ्या आयर्लंडातली पोरं शाळेत जी कविता घोकतात, ती त्यानं लिहिली डेलियावर. डेलियानं त्याला कधी पाण्याचा पेलाही दिलेला नव्हता.

कवितेत फार काही घडत नाही. आमच्या बेटावर झाडं नाहीत, त्यामुळे लाकडी फाटकंही नाहीत. वावरांभोवती सुट्या दगडांचे गडगे असतात. गाय आत न्यायची तर गडग्यातले ठरलेल्या जागेचे दगड काढायचे आणि नंतर पुन्हा रचायचे. त्या जागेला आम्ही खिंडार म्हणतो. तर कवितेत एक मुलगी पहाटेच्या वेळी वावरातून बाहेर येते आणि एकेक दगड रचून खिंडार बुजवते. तिचे केस सुटलेले असतात, ओठांवर हसू असतं. नाव दिलेलं नाही, पण डाव्या गालावरचा तीळ दिला आहे, आणि असा तीळ बेटावर एकाच पोरीला होता.

पहाटे ती कुठून येत होती आणि हसू कशाचं होतं, याचा निकाल बेटानं परस्पर लावून टाकला. डेलियाच्या बापाचं वावर माझ्या घराच्या अगदी समोर, रस्त्याला लागून. कवी आमच्याकडे राहत होता. म्हणजे खिंडार तेच, आणि हसूही त्याच्यासाठीच. माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

पण माझ्याहून जास्त जळणारा एक माणूस बेटावर होता. फेस्टी. डेलियाचा नवरा.

फेस्टी उंच आणि हाडकुळा, रागावला की त्याचे कान आधी लाल होतात. दोघांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती कविता छापून आली. त्यानं ती वाचली नाही. बायकोला एका शब्दानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून तो सासऱ्याच्या वावरावर गेला आणि रस्त्याकडचं खिंडार त्यानं पक्कं बुजवून टाकलं. सासरा धावत आला.

“अरे गाढवा, माझी गाय आत कशी जायची?”

“किनाऱ्यावरून,” फेस्टी म्हणाला.

पुढं सासरा गेला, वावर फेस्टीकडे आलं, पण गाय किनाऱ्यावरूनच जात राहिली. पन्नास वर्षं होत आली. पाऊस असो, वादळ असो, हा माणूस गाईला घेऊन अर्ध्या बेटाला वळसा घालतो, पण ते खिंडार उघडत नाही. पाहुणे येऊन सिमेंटचे फोटो काढतात. मध्येच कुणाला तरी गाईमागून येणारा फेस्टी दिसतो.

“माफ करा, कवितेतल्या मुलीचे पती ते आपणच का?”

“मेला तो,” फेस्टी म्हणतो.

“आणि कवी?”

“तोही मेला. देव आहे.”

रेडिओवर कविता लागली की तो रेडिओ बंद करायचा. पोरांना शाळेसाठी ती पाठ करावीच लागायची, तर त्यांना गोठ्यात पिटाळायचा. फेस्टीच्या घरात ती कविता फक्त गाईला येते, असं आम्ही म्हणायचो. कवी वारला तेव्हा पेपरात मोठा फोटो आला होता. फेस्टीनं तो दुकानात उभा राहून निरखून पाहिला आणि म्हणाला, “कान केवढाले होते याचे.” त्या दिवशी मात्र त्यानं पदरचे पैसे घालून सगळ्यांना दारू पाजली. स्वतः एकच पेला घेतला आणि नेहमीसारखा उजेडातच घरी गेला. कारण डेलिया घरी एकटी होती. दुकानात साखर आणायला निघाली तरी हा मागोमाग. चर्चमध्ये ती प्रार्थनेला डोळे मिटायची, हा उघडे ठेवायचा. मेलेल्या माणसावर लक्ष ठेवायचं म्हणजे सोपं काम नाही.

यंदा मायल्स मास्तरांनी काढलं की खिंडारावर पितळी पाटी लावायची. मास्तर शाळेचे हेडमास्तर, आणि बेटावर जे काही लावायचं, उघडायचं, फीत कापायची ते त्यांच्याच हातून. फेस्टीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गडगा माझा आहे.”

“गडगा तुझा, रस्त्याकडची बाजू सरकारची,” मास्तर म्हणाले. “पाटी आम्ही रस्त्याकडूनच लावू.”

कार्यक्रमाला आपण येणार नाही एवढं फेस्टीनं जाहीर केलं. पण त्या दुपारी डेलिया निळा कोट घालून निघाली आणि म्हणाली, “मी चाललेय. तुला यायचं तर ये.” मग काय, आला. तिला त्या पाटीजवळ एकटी उभी राहू देणं त्याच्यानं होणारं नव्हतं.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. भाषणं सुरू झाली तसं त्यानं ऐकण्याचं यंत्र कानातून काढलं, खिशात टाकलं आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. आता त्याला कुणी काही ऐकवू शकणार नव्हतं. पण मास्तरांनी मुख्य भूमीवरून कर्णा मागवला होता आणि तो ठेवला होता नेमका फेस्टीच्या डोक्यामागं. मास्तर घसा खाकरले तरी गडग्यातले दगड हलत होते. त्यांनी कविता म्हणायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा फेस्टीला ती ऐकावी लागली.

त्याचे कान लाल व्हायला लागले. सुटलेले केस आले, तीळ आला, हसू आलं. मला वाटलं, आता हा कर्णा उचलून समुद्रात टाकतो. मग शेवटचं कडवं आलं. त्यात ती मुलगी सगळे दगड रचून झाल्यावर वरती एक पातळ दगड उभा बसवते. सशानं कान टवकारावा तसा, समुद्राकडे थोडा कललेला. आणि कवी म्हणतो, हा दगड कुणासाठी कान देऊन उभा आहे ते मला कळलं नाही, ज्याच्यासाठी आहे त्याचा मी हेवा करतो.

टाळ्या पडल्या. तेवढ्यात फेस्टीनं हात वर केला.

“मास्तर, पाटी काढा. ती जागा ही नव्हे.”

लोक हसले. मास्तरही हसले. “फेस्टी, आजच्या दिवस तरी त्या बिचाऱ्याला क्षमा कर.”

“इथं कोणी दगड उभा बसवत नव्हतं. सासरा माझा आळशी, दगड नुसते फेकायचा. उभा दगड आमच्या कड्यावरच्या वावरात असतो. माझ्या बापाची खूण आहे ती.”

“कसली खूण?”

“चोराची. आमच्या वावरात कोण चोरून गाय चारतं ते कळायला. खिंडार उघडायचं तर तो दगड आधी काढावा लागतो, आणि परत कसा कलवायचा ते बाहेरच्याला माहीत नसतं. अजूनही मी रोज तसाच लावतो. ही गोष्ट बापाला ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि...”

तिथं तो थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या तोंडावरून एकदम काहीतरी सरकून गेलं आणि त्याला सगळं कळल्याचं मला कळलं. ती पहाटे याच्या वावरातून बाहेर पडत होती. ते हसू याच्याकडून घेऊन चालली होती. पन्नास वर्षं तो ज्याच्यावर जळत होता तो माणूस कड्यावर उभा राहून याच्यावर जळत होता.

“आणि कोणाला ठाऊक होती?” मास्तरांनी विचारलं. कर्णा चालू होता, सगळ्या बेटाला ऐकू गेलं.

फेस्टीनं तोंड उघडलं. फादर समोर बसले होते. मुलं, नातवंडं, बोटीतून आलेले पाहुणे, सगळे होते. त्या काळात लग्नाआधी एखादी पोर पहाटे परक्या वावरातून बाहेर पडली म्हणजे काय बोललं जायचं ते आम्हा म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यानं तोंड मिटलं.

“कुणाला नाही,” तो म्हणाला. “माझीच चूक झाली असेल. लावा पाटी.”

लोक पुन्हा हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “आता हा पाटीवरही जळायला लागला.” फेस्टी खाली मान घालून उभा राहिला. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तळमळला ती हातात आली होती आणि त्यानं ती खिशात टाकली, यंत्रासारखी.

“आणि मला,” डेलिया म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही, पण कर्ण्यानं तेही उचललं. “ती खूण मला ठाऊक होती. त्यानंच शिकवली होती. मी गेल्यावर त्याच्या बापाला कळू नये म्हणून.”

कुणी हसलं नाही. फादर समुद्राकडे बघू लागले. मला एकदम मोजे आठवले. कवी रोज पहाटे बाहेर जायचा आणि गुडघ्यापर्यंत भिजून यायचा. कड्यावरच्या उंच गवताच्या बिया त्याच्या मोज्यांना चिकटलेल्या असायच्या आणि मी त्या नखांनी काढत बसायचे. खिडकीतून बघणाऱ्याचे मोजे भिजत नाहीत. मी हे कधीच ओळखायला हवं होतं, पण तो डेलियाकडे माझ्याच खिडकीतून बघत होता या दुःखात मी इतकी गुंतलेली, की दुसरं काही सुचलंच नाही.

गर्दी पांगल्यावर डेलिया माझ्याकडे चहाला आली. मी सोडा घालून भाजलेली जाड भाकरी कापली, लोणी पुढं केलं आणि विचारलंच.

“तू त्या कवीशी कधी बोललीस तरी का गं?”

“एकदा. त्यानं वाट विचारली होती.”

“मग या बापड्याला पन्नास वर्षांत सांगितलं का नाहीस? याला वाटायचं, कड्यावर याला भेटून परत जाताना तू इकडं कवीकडे थांबायचीस.”

“पहिलं वर्ष मी वाट बघितली, हा विचारेल म्हणून. मला राग आला होता, विनी. विचारायचं सोडून सिमेंट आणलं त्यानं.” तिनं भाकरीला लोणी लावलं, सावकाश, कडेपर्यंत. “मग माझ्या लक्षात आलं, बाकीच्यांचे नवरे दारू पिऊन पडायचे, हा उजेडात घरी. बाकीचे बायकोकडे बघायचेही नाहीत, हा मी दुकानात गेले तरी केस विंचरून मागं. म्हटलं, जळतोय तर जळू दे.”

“फार केलंस,” मी म्हणाले.

“केलं खरं. पण आज तो ‘कुणाला नाही’ म्हणाला ना, तेव्हा मला राहवेना.”

मी चहा ओतला. त्या उन्हाळ्यात माझं मर्टीशी लग्न ठरलेलं होतं. एका संध्याकाळी मी मुद्दाम कवीशेजारी धक्क्यावर जाऊन बसले, चांगली जवळ, मर्टीच्या यायच्या वाटेवर. मर्टी आला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “विनी, पाऊस येतोय, दोरीवरचे मोजे आत घे.” लग्नानंतरही तो तसाच राहिला. चांगला माणूस होता. कधी मारलं नाही, कधी ओरडला नाही. मी चार दिवस बहिणीकडे राहून आले तरी बोटीवरून उतरल्यावर म्हणायचा, “आलीस?”

बाहेरून पहारीचे आवाज यायला लागले. फेस्टी कोट काढून आपलंच सिमेंट फोडत होता. मास्तर पाटी छातीशी धरून त्याच्याभोवती फिरत होते. “अरे, निदान पाटी कुठं लावायची ते तरी सांग.” पाहुणे फोटो काढत होते. संध्याकाळपर्यंत माणूस आणि गाय जाईल एवढी वाट झाली, पन्नास वर्षांनी.

डेलियानं कोट चढवला आणि रस्त्यावर गेली. मी खिडकीशी उभी होते. फेस्टीनं पहार टेकवली, घाम पुसला, खिशातून यंत्र काढून कानात घातलं. मला वाटलं, आता तरी हा तिला काही गोड बोलेल.

“कुठं होतीस इतका वेळ?” तो म्हणाला.

“विनीकडे.”

“चहा प्यायला इतका वेळ लागतो? आणखी कोण होतं तिथं?”

डेलिया हसली. गालावरचा तीळ मला खिडकीतून स्पष्ट दिसला. कविता तिची, नवरा तिचा, त्याचं मला आता फारसं वाटत नाही. पण ते “कुठं होतीस” ऐकलं आणि माझ्या काळजात कळ आली. मला जन्मात कुणी ते विचारलं नाही.