नारपोली लांब नाही

भिवंडीची एस.टी. लागली तेव्हा आईनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, “कुणाकडं जेवायच्या आधी ती माणसं कुठली ते विचारत जा.” आशीर्वाद वगैरे काही नाही. लग्नाला महिना झाला होता, नवरा पुढं जाऊन लूमच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला होता. साल १९८६. वडील तर दंगलीचं गाव म्हणून स्टँडवरही आले नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाचा प्याला एकच फिरायचा, हे तुम्हा गावाकडच्यांना सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, ते आता विसरल्याचं सोंग करतात, म्हणून लिहिते. आपली घरं पुढच्या ओळींत बसायची, दुसऱ्या आळीची मागच्या. प्याला पुढून मागं जायचा, मागून पुढं कधीच नाही. बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी जुनी जात बसायच्या जागेत शाबूत होती.

भिवंडी मला आवडली नाही. दिवसरात्र लूमचा खडखडाट, वाळत घातलेल्या कपड्यांवर सुताची धूळ, दारात गटार. मराठी ख्रिस्ती घरं चौदा. रविवारी एका शाळेचा हॉल मिळायचा, पाळकसाहेब कल्याणहून यायचे. शेवटचं आमेन झालं की पाच मिनिटांत हॉल रिकामा. पहिल्याच वर्षी मंडळीतले एक म्हातारे गेले, तर त्यांचं घर कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही शोधत पोचलो तोवर पेटीला खांदा द्यायला शेजारचे लूमवाले येऊन उभे होते. मला शरम वाटली.

मग मी नियम काढला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून एका घरी जायचं. चालत. वाटेत वऱ्हाळा तळ्यावर थोडं बसायचं, आणि त्या घरी जे असेल ते खायचं. रिक्षा नाही. भिवंडी तेव्हा तासाभरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून व्हायची. चालताना माणसं बोलतात. रिक्षात गुडघे आवळून बसतात. वर्षभरात मंडळीला एकमेकांची दारं कळली, कुणाची सून रुसली आहे तेही कळलं.

यादी माझ्या हातात होती. तिच्यात कमलबाईंचं नाव मी दर महिन्याला खाली ढकलत होते. कमलबाई विधवा, नारपोलीत राहायच्या, लूमच्या कारखान्यात कांड्या भरायच्या. म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या बॉबिनवर सूत गुंडाळायचं काम. मूळच्या आपल्याच भागातल्या, पण दुसऱ्या आळीच्या. एकदा हॉलच्या पायरीवर त्यांनी मला गाठलं.

“बाई, माझा नंबर कधी?”

“नारपोली लांब पडतं हो सगळ्यांना.”

“लांब? मी दर रविवारी चालतच येते की. माझ्या पायाला लांब न्हाय, तुमच्याच पायाला हाय?”

माझ्या तोंडून आईच बोलली होती, फक्त सभ्य भाषेत. पुढच्याच रविवारी मी त्यांचं नाव जाहीर केलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी हॉलमधून चाळीसेक माणसं निघाली. तळ्यावर कुणी बसायचं नाव काढलं नाही. धामणकर नाक्यापर्यंत गळती लागली. एकीला पाहुणे आठवले. एकीच्या चपलेचा अंगठा तुटला. समोर चांभार बसला होता, तर तिनं पाय साडीत लपवला. पाळकसाहेबांना कल्याणची बस आठवली. मंडळीच्या सेक्रेटरींची बायको, शांताबाई, म्हणाली, “माझा आज उपास आहे.”

“उपास? रविवारी? कसला?”

“मनातल्या मनात धरलाय.”

नाक्यावरचा एक रिक्षावाला मला हसला. “क्या आपा, जुलूस टूट गया क्या?”

नारपोलीत पोचलो पाच. आम्ही दोघं, एक म्हातारे कंपाउंडर आणि दोघी नर्स बहिणी. कमलबाईंनी शेजारच्या मुसलमान बाईकडून देग आणून पन्नास माणसांचं मटण शिजवलं होतं. त्या आमच्या डोक्यांवरून गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

“बाकीची मागून येत्यात?”

“नाही येणार,” मी म्हणाले.

त्यांनी ताटं वाढली. खोटं कशाला लिहू? पहिला घास गिळायला मला पाणी लागलं. दुसऱ्या घासाला मीठ कमी आहे हे कळलं, तसं मी सांगितलंही. कमलबाई म्हणाल्या, “वरून घ्या की. हात मोडलेत का?” आणि पहिल्यांदा हसल्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी एक मोठं पातेलं भरलं, तोंडाला फडकं बांधलं. “उठा बाई. दारं तुम्हाला सगळी ठाऊक हायत.”

पातेल्याचा एक कान त्यांनी धरला, एक मी. त्या दुपारी आम्ही दहा दारं ठोकली. पाहुणे आठवलेलीच्या घरी पाहुणे नव्हते. एकीनं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवून “यात ओता” म्हटलं. कमलबाई म्हणाल्या, “आत येऊन वाढीन, न्हायतर परत नेईन.” ती बाजूला सरकली. शांताबाईनं उपासाचं पुन्हा सांगितलं.

“मग उद्या सोडा. कालवण टिकतंय.”

शांताबाईनं दार लावून घेतलं. सात घरांनी वाढून घेतलं, काहींनी मान खाली घालून. तीन घरांनी नाही. ती तीन घरं पुढं ठाण्याच्या चर्चला जाऊ लागली. कमिटीनं मला बोलावून विचारलं, एवढं ताणायची काय गरज होती? गावाहून आईचं पत्र आलं, तू मंडळी फोडलीस. होय, फोडली. जी मंडळी नाक्यावर गळते ती सांभाळून मी काय करणार होते?

आता त्याला बारा वर्षं झाली. नाताळ आला की तुम्ही कळवता, गावाकडं ये, घर वाट बघतंय. घर वाट बघत नसतं. माणसं बघतात, आणि तुम्ही वाट बघता ती पुढच्या ओळीत बसणाऱ्या मुलीची, ते मला ठाऊक आहे. भिवंडी अजूनही मला आवडत नाही. धूळ तशीच आहे, गटार तसंच, नाका ओलांडायला आता दहा मिनिटं लागतात. पण मी उद्या मेले तर इथं माझं दार कुणाला शोधावं लागणार नाही. माझ्यासाठी घर म्हणजे एवढंच, आणि ते मला पुरतं.

तुमच्यातले काही जण इथं जवळच काल्हेरला गोदामांत काम मिळतंय का म्हणून विचारतात. मिळतं. खुशाल या, पहिले आठ दिवस माझ्याकडं राहा. पण उतरल्यावर पहिलं जेवण नारपोलीत, कमलबाईंकडं. मी सोबत चालत येईन. तिथं जेवलात, तरच माझ्याकडं अंथरूण मिळेल.